तराळाचा ‘तरल’ झाला

मराठी समीक्षेने ‘तरल’ या शब्दाचे फार लाड केले आहेत. तरल जाणीव, तरल संवेदना, तरल भावविश्व. आमची माणसे गावकुसाबाहेर मेलेली ढोरे ओढत होती, त्या काळात गावकुसाच्या आत कविता तरल होत होती. ‘तराळ’ या शब्दाचे लाड मात्र कोणी केले नाहीत. शंकरराव खरातांनी १९८१ साली आपल्या आत्मकथनाला ‘तराळ-अंतराळ’ असे नाव दिले, तेव्हा पांढरपेशा वाचकाला पहिल्या शब्दापाशीच अडखळावे लागले असेल. तराळ म्हणजे गावाचा सांगकाम्या महार. अंमलदार आला की त्याचे ओझे वाहणारा, चावडीचा निरोप शेतोशेती पोचवणारा, मयताची खबर घेऊन रातोरात परगावी पळणारा, आणि या सगळ्याच्या बदल्यात दारोदार भाकरी मागणारा.

या दोन शब्दांमधले अंतर मराठी समाजाला शेकडो वर्षांत तोडता आले नाही. माझ्या टेबलावरच्या एका सॉफ्टवेअरने ते एका रात्रीत तोडले. मी टंकलिहून ठेवलेल्या दोनशे बारा पानांतल्या प्रत्येक तराळाचा त्याने ‘तरल’ करून टाकला. त्याबद्दल दाद मागायला गेलो तेव्हा जे घडले त्याची समीक्षा करण्यासाठी हा लेख आहे. समीक्षा हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. कवितेची, कादंबरीची समीक्षा होते. मग रोज आपल्या भाषेवर हात फिरवणाऱ्या यंत्राच्या वाक्यांची का होऊ नये?

मी बेलापूरचा. श्रीरामपूर तालुक्यातले, प्रवरेकाठचे बेलापूर. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. माझी आत्या नव्वदीच्या घरात गेली. तिने उमेदीची वर्षे हरेगावला बेलापूर कंपनीच्या ऊसमळ्यात खुरपणी करण्यात घालवली. (आमच्या भागात नुसते ‘कंपनी’ म्हटले की अजूनही साखरेची ती कंपनीच डोळ्यांपुढे येते. या लेखात पुढे येणारी कंपनी ती नव्हे.) १९३९ च्या डिसेंबरात हरेगावला वतनदार महार-मांगांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिथे आले, तेव्हा आत्या बापाच्या खांद्यावर बसून गेली होती. बाबासाहेब काय बोलले ते तिला सांगता येत नव्हते. तिला आठवत होती ती धूळ, आणि परत आल्यावर बापाने चावडीवर जायला दिलेला नकार. “त्या रातीला बा तराळकीला गेलाच न्हाई. आय म्हनली, उंद्या भाकर कोन घालंल? बा म्हनला, नगं घालू दे.” एवढेच. पण वतनाच्या गुलामगिरीवर मी वाचलेल्या कित्येक पानांपेक्षा या तीन वाक्यांत मला जास्त सापडले.

दोन वर्षे मी तिच्याकडून ऐकत होतो. ऐकताना वहीत टिपणे घेत होतो, मोबाइलवर आवाज धरून ठेवत होतो, आणि रात्री त्या आवाजावरून संगणकावर लिहीत होतो. त्यासाठी पैसे मोजून, रीतसर परवाना घेऊन मराठी लेखनाचे एक सॉफ्टवेअर आणले होते. मोबाइलची जागा भरत गेली तसतसे टंकलिहून झालेले ध्वनिमुद्रण मी पुसत गेलो. हा मूर्खपणा माझा. तो मी कोणाच्या माथी मारत नाही. आत्या गेल्यानंतर चार महिन्यांनी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आपोआप येऊन बसली. ‘आपोआप दुरुस्ती’ नावाची सोय तिने मला न विचारता चालू केली. मी फाइल उघडली, दोन ओळी वाढवल्या, बंद केली. दुसऱ्या दिवशी उघडली तर आत्या प्रमाण मराठी बोलत होती.

‘व्हतं’चे ‘होतं’ आणि ‘पानी’चे ‘पाणी’ झाले होते, इथपर्यंत समजू शकेन. पण यंत्राला जे शब्द माहीतच नव्हते त्यांचे काय झाले पाहा. ‘येसकर’ म्हणजे वेशीची राखण करणारा महार. त्याचा ‘केसकर’ झाला. माझ्या आजोबांना एका रात्रीत असे आडनाव मिळाले की ज्याच्या ओसरीवर त्यांना चढता आले नसते. ‘म्हारकी’ची जमीन ‘मारकी’ जमीन झाली. म्हशीसारखी शिंगे रोखून धावणारी. आणि तराळाचा तरल. “बा तरलतेला गेलाच नाही” असे वाक्य आत्याच्या तोंडी पाहिल्यावर मी आधी हसलो, हे कबूल करतो. मग पान उलटत गेलो. एका जुन्या पेन ड्राइव्हवर पहिली चाळीस पाने शाबूत सापडली. बाकीची गेली ती गेलीच.

हे कसे होते ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला समजावून सांगितले. तो पुण्यात याच धंद्यात आहे. अशा सॉफ्टवेअरच्या पोटात शब्दांची एक यादी असते. मराठीत एकेका नामाला विभक्ती-प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये चिकटून शेकडो रूपे होतात, म्हणून यादीच्या जोडीला प्रत्ययांचे नियम असतात. यादी बहुधा छापील मजकुरातून गोळा केलेली: वृत्तपत्रे, पाठ्यपुस्तके, सरकारी कागद. यादीत जो शब्द नाही तो चूक. मग कमीत कमी अक्षरे बदलून यादीतला कोणता शब्द जवळ येतो ते यंत्र पाहते आणि तो सुचवते. लाल रेघ निदान विचारते तरी. आपोआप दुरुस्ती विचारत नाही. तराळापासून ‘तरल’ एका कान्याच्या आणि एका ‘ळ’च्या अंतरावर आहे. यंत्राला इतकेच दिसते. यात यंत्राचा जातीय द्वेष नाही हे मलाही कळते. पण यादी कोणी केली, कशातून केली, आणि ज्यांचे शब्द कधी छापलेच गेले नाहीत त्यांचे त्या यादीत काय झाले, हे प्रश्न यंत्राचे नाहीत. ते समाजाचे प्रश्न आहेत.

मी एक प्रयोग केला. शांताबाई कांबळे यांच्या १९८६ साली पुस्तकरूपाने आलेल्या आत्मकथनाचे नाव टंकलिहिले: ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. पडद्यावर उमटले: ‘माझ्या जन्माची चित्रकथा’. एका दलित स्त्रीचे आयुष्य मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात जाऊन बसले. लिंबाळ्यांच्या ‘अक्करमाशी’खाली (१९८४) लाल रेघ आली. म्हणजे यंत्राच्या हिशेबी अक्करमाशी असणे ही शुद्धलेखनाची चूक ठरली! नंतर ज्ञानेश्वरीतल्या चार ओव्या दिल्या. तिथे तर शब्दागणिक लाल. आमच्या बेलापुरावरून वाहणारी प्रवरा पुढे नेवाशाला जाते, जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आणि ती येते अकोले तालुक्यातून, जिथल्या धामणगावात दया पवारांचा जन्म झाला. एकाच नदीकाठच्या दोन भाषा या यंत्राला सारख्याच अनोळखी आहेत. फरक असा की, ज्ञानेश्वरीचा शब्द कळला नाही तर वाचक कोश उघडतो. ‘बलुतं’मधला शब्द कळला नाही तर तो बोलणाऱ्याला सुधारायला निघतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, पेढे वाटले गेले. जुन्यातले जुने शब्द पुरावा म्हणून दिल्लीला नेता आले. माझ्या आत्याचा शब्दही पुरावाच होता. फक्त तो वेगळ्या खटल्यातला होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण ‘बोलीचे कौतुक’ या सदरात हा लेख टाकून देण्याचा मोह काहींना होईल. मला बोलीचा गोडवा जपायचा नाही. तराळकी, येसकरी, म्हारकी या शब्दांत गोडवा कसला? बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक मांडले. वतने कायद्याने गेली ती १९५८ चा कायदा झाल्यानंतर. ती गेली हे उत्तमच झाले. पण ती होती, ती कशी होती, कोणाला रात्री उठावे लागत होते आणि कोणाच्या दारात भाकरीसाठी उभे राहावे लागत होते, याची साक्ष त्या शब्दांतच आहे. ‘तराळ’ खोडून ‘तरल’ लिहिणे म्हणजे साक्षीदाराची जबानी बदलणे.

आता तक्रारीची गोष्ट. कंपनीचे नाव मी देत नाही. एकीचे नाव देऊन दुसऱ्या दहांना पावन करण्यात अर्थ नाही. तक्रारीसाठी एक अर्ज होता, इंग्रजीत. मराठी लिहिण्याचे सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडे मराठीत तक्रार करण्याची सोय नसावी, याची आता आपल्याला सवय झाली आहे. त्यात तक्रारीचा प्रकार निवडायचा होता: बसवताना अडचण, पैसे भरताना अडचण, परवान्याची अडचण, इतर. ‘माझ्या मेलेल्या आत्याचे बोलणे बदलले’ हा प्रकार ‘इतर’मध्ये घातला. मजकूर मराठीतच लिहिला, त्याच सॉफ्टवेअरमध्ये लिहिला आणि न वाचता चिकटवला. पाच दिवसांनी उत्तर आले की, मी कळवलेले दोन्ही शब्द एकच असल्यामुळे तपासणीत दोष आढळला नाही. मी पाठवलेली तक्रार काढून पाहिली. तिच्यात लिहिले होते: ‘आपल्या सॉफ्टवेअरने तरल या शब्दाचा तरल केला आहे.’

यापुढे मी हाताने लिहिले, फोटो काढले आणि ते पाठवले. मग फोन आला. हिंदीत बोलणारा मुलगा, सभ्य. मी तराळ म्हणजे काय ते त्याला सांगू लागलो, त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “सर, मेरे पास ये ऑप्शन नहीं है.” त्या मुलावर मी रागावू शकलो नाही. समोरच्या पडद्यावर लिहून दिलेली वाक्ये वाचायची, मिनिटे मोजली जातात, ठेकेदारामार्फत नोकरी. तो आपल्यातलाच कोणाचा तरी असेल. नव्या व्यवस्थेतली तराळकी त्याच्याकडे आली आहे: मालकाचा निरोप पोचवायचा, उलट निरोप आणायचा अधिकार नाही.

त्याने एक माणूस घरी पाठवण्याची व्यवस्था केली. ठरलेल्या दिवशी त्या माणसाचा फोन आला, “मी बेलापूर स्टेशनच्या बाहेर उभा आहे, कोणता सेक्टर?” तो नवी मुंबईच्या बेलापूरला उभा होता. यंत्राच्या यादीत बेलापूर एकच होते. आमच्याकडे बेलापूर नावाचे रेल्वे स्टेशनही श्रीरामपुरात आहे, गावात नाही. पण निदान त्या स्टेशनावर उतरलेला माणूस सहा-सात किलोमीटरांत घरी पोचतो. संध्याकाळी संदेश आला: ‘ग्राहक दिलेल्या पत्त्यावर उपलब्ध नसल्याने आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आपला अनुभव कसा वाटला? कृपया तारे द्या.’

अशा वाक्यांचा मी एक कागद केला आहे. ‘आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे.’ ‘आपल्या प्रश्नाची दखल घेण्यात आली आहे.’ ‘तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ शाळेत आम्ही याला कर्मकर्तरी प्रयोग म्हणून शिकवत होतो आणि मुलांना विचारत होतो, कर्ता कुठे आहे? मुले म्हणायची, गुरुजी, कर्ता नाही. या वाक्यांचे वाङ्मयीन वैशिष्ट्य हेच की त्यांत काम झालेले असते, पण केलेले कोणीच नसते. कोणी पाठवले? कोणी दखल घेतली? कोणी निकाली काढले? वाक्य शुद्ध आहे. यंत्र त्याखाली लाल रेघ ओढणार नाही.

हे व्याकरण आपल्या माणसांना नवे नाही. बहिष्काराचे व्याकरण असेच असे. दुकानातून मीठ मिळेना, गिरणीवर दळण घेईनात, शेतावर बोलावणे येईना. विचारले तर उत्तर एकच, गावाचं ठरलंय. पाटलाने ठरवले असे पाटील म्हणत नव्हता, वाण्याने ठरवले असे वाणी म्हणत नव्हता. ठरलेले असे, ठरवणारा नसे. मी सॉफ्टवेअरच्या तक्रारीची आणि बहिष्काराची बरोबरी करत नाही. तसे करणे हा बहिष्कार भोगलेल्यांचा अपमान होईल. मी फक्त वाक्याच्या रचनेकडे बोट दाखवतो. माणसाला उत्तर द्यायचे नसते तेव्हा भाषा कशी वाकवली जाते, ते दोन्हीकडे सारखे आहे.

कर्ता शोधता येत नाही असे नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा घाट घातला, यंत्रणा कोलमडली, लाखो विद्यार्थ्यांचे निकाल रखडले. तेव्हा वर्तमानपत्रे ओरडली, विधिमंडळ ओरडले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. कर्ता सापडला. जिथे ओरडणारे तोंड मोठे असते तिथे सापडतो.

फोनवरच्या मुलाने आणखी एक वाक्य म्हटले होते, ते माझ्या डोक्यातून जात नाही. “और किसी कस्टमर की ऐसी शिकायत नहीं है.” आणखी कोणाची तक्रार नाही. म्हणजे दोष यंत्रात नाही, तुमच्यात आहे. हेच वाक्य इंग्लंडमध्ये काय करून गेले ते आपल्या कार्यकर्त्यांनी माहीत करून घ्यावे. तिथल्या पोस्ट खात्याने १९९९ पासून खेडोपाडीच्या पोस्टांत ‘होरायझन’ नावाची संगणकप्रणाली बसवली. ती फुजित्सू या कंपनीची. हिशेबात नसलेली तूट ती दाखवू लागली. पोस्ट चालवणारी छोटी माणसे मदतकेंद्राला फोन करत. त्यांतल्या अनेकांना सांगण्यात आले की, असा त्रास फक्त तुम्हालाच होतो. प्रत्येकाला वाटले आपण एकटेच. कोणी घरातले पैसे भरले, कोणी घर विकले. पुढची सोळा वर्षे यंत्राची साक्ष खरी धरून खटले चालले आणि नऊशेहून अधिक लोक दोषी ठरवले गेले. त्यांत भारतीय वंशाची माणसे बरीच होती. सीमा मिश्रा या बाईला २०१० साली गरोदर असताना तुरुंगात पाठवले. २०२३ साली त्या खात्याचा एक जुना अंतर्गत कागद बाहेर आला. त्यात संशयितांची वंशावरून वर्गवारी करताना काळ्या माणसांसाठी वसाहतकाळातला हिणकस शब्द वापरलेला होता. यंत्र निःपक्षपाती असते असे म्हणणाऱ्यांनी त्या यंत्राशेजारी ठेवलेला हा कागदही वाचावा.

हे जाळे तुटले कसे? २००९ साली फेनी कॉम्प्टन नावाच्या एका खेड्याच्या सभागृहात अशी काही माणसे जमली आणि प्रत्येकाने आपली गोष्ट सांगितली. ‘फक्त तुम्हालाच’ हे खोटे आहे, हे त्यांना एकमेकांच्या तोंडाकडे पाहून कळले. ॲलन बेट्स यांच्या पुढाकाराने पाचशे पंचावन्न जण न्यायालयात गेले. २०१९ साली न्यायमूर्तींनी यंत्रात दोष होते असा निकाल दिला, आणि २०२४ साली पार्लमेंटने कायदाच करून त्या शिक्षा रद्द केल्या. वीस-पंचवीस वर्षे गेली. काही माणसे वाट पाहून मेली.

आपल्याकडे ग्राहकाला कायदा आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, आणि आता ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. एका वकील मित्राने मला तो मार्ग सांगितला आणि मग परवान्याचे करारपत्र वाचून दाखवले: माल ‘जसा आहे तसा’ दिलेला आहे, आणि जबाबदारी घेतलीच तर भरलेल्या किमतीपुरती. “नुकसान किती रुपयांचे लिहू?” त्याने विचारले. एकशे बहात्तर पाने गुणिले काय, हे मला सांगता आले नाही. त्याने तो आकडा अजून कोरा ठेवला आहे.

वाचकांना वाटेल, वह्या होत्या ना? होत्या. पाच वह्या. फाइल गेल्यावर मी मोठ्या आशेने त्या उघडल्या, आणि या सगळ्या प्रकरणात मला बसलेला खरा धक्का तिथे बसला. वहीत लिहिले होते: ‘त्या रात्री वडील तराळकीला गेलेच नाहीत. आई म्हणाली, उद्या भाकर कोण घालेल?’ अक्षर माझे. आत्यासमोर बसून, तिचे बोलणे कानाने ऐकत असताना, माझा हात ते शुद्ध करत होता. कोणी सांगितले नव्हते. तराळकी हा शब्द तेवढा राहिला होता, कारण त्याला शुद्ध रूप नव्हते. ‘बा’चे ‘वडील’ यंत्रानेसुद्धा केले नव्हते! ते मी केले होते. किती मुलांच्या वह्यांत मी ‘पानी’खाली तांबडी रेघ ओढली असेल, आणि त्यांतली किती मुले त्या रेघेनंतर वर्गात बोलायची बंद झाली असतील, याचा हिशेब मी कधी केला नाही. त्या मुलांना माझ्याविरुद्ध तक्रार करायला कोणता विभाग होता?

तरीही मी आणि ते यंत्र यांत एक फरक आहे, आणि माझ्या मते सगळा वाद त्या फरकाचा आहे. माझ्याशी भांडता येते. मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ने छापला, ते पत्र १८४२ साली आमच्या नगरलाच निघाले होते. जोतीरावांच्या मराठीची, त्यांच्या व्याकरणाची टर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी उडवली. उडवणाऱ्याला नाव होते, पत्ता होता, ‘निबंधमाला’ होती. म्हणून त्याला उत्तर देता आले, आणि शंभर वर्षांनी या देशाने कोणाचे गद्य जवळ केले तेही दिसले. १९७२ साली ‘गोलपिठा’ला प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांना त्या जगातले शब्द अनोळखी होते. त्यांनी त्या शब्दांचे अर्थ कवीलाच विचारले. नामदेव ढसाळांचे शब्द त्यांनी ‘दुरुस्त’ केले नाहीत. माहीत नसलेला शब्द पुढे आला की विचारायचे, ही साधी माणुसकीची रीत आहे. चिपळूणकर हे प्रतिपक्ष होते, तेंडुलकर वाचक होते. दोघेही समोर उभे होते. आता समोर कोणी नाही. निवाडा मात्र तोच आहे: कोणाची मराठी मराठी, आणि कोणाची चूक. पूर्वी तो माणूस देत होता. आता तो आपोआप होतो, आणि त्याविरुद्ध अपील केले तर तारे मागितले जातात.

विशेष म्हणजे शुद्धलेखनाचे नियम करणारेसुद्धा इतके कठोर नव्हते. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा नियम केले, १९७२ साली त्यांत चार वाढवले. मी ते पाठ केलेले आणि पाठ करून घेतलेले आहेत. त्यांत एक नियम असा आहे की, केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य आणि चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य छापायचे असेल तर ते मुळाप्रमाणेच छापावे. म्हणजे मुक्ता साळवेचा निबंध मुळाप्रमाणे छापला पाहिजे, हे महामंडळालाही मान्य आहे. यंत्राच्या यादीत हे एवढेसे दार कोणी ठेवले नाही. ठेवता आले असते. माझा विद्यार्थी म्हणतो, ते अवघडही नाही. कोणी मागितलेच नाही.

मागितले नाही, हे खरे आहे. आपल्या संमेलनांत आपण विद्रोहाच्या भाषेवर परिसंवाद घेतले, पण ती भाषा संगणकात उमटते की नाही हे पाहिले नाही. म्हणून शिक्षकांना, विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे. अशा शब्दयाद्यांपैकी काही खुल्या असतात, त्यांत कोणालाही भर घालता येते. दलित आत्मकथनांतून, लोकगीतांतून, आपापल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून शब्द काढा. दाते-कर्व्यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोश काढला तेव्हा बोलीतले हजारो शब्द आत घेतले होते. तिथपासून सुरुवात करता येईल. आणि ‘आपोआप दुरुस्ती’ ज्यांना ज्यांना नडली त्यांनी एकमेकांना कळवा, म्हणजे ‘और किसी की शिकायत नहीं’ असे पुन्हा कोणाला ऐकावे लागणार नाही. जुने ध्वनिमुद्रण कोणाकडे असेल तर ते पुसू नका. मी पुसले.

मी सुरुवात हाताने, कागदावर केली आहे. श्रीरामपूरला शिकणारी दोन मुले रविवारी येतात, चाळीस शाबूत पानांतून शब्द काढतात. तराळ, तराळकी, येसकर, हाडकी, हाडवळा, जोहार. आतापर्यंत तीनशेच्या वर झाले. परवा एका शब्दापाशी अडलो. बाप तराळकीला गेला नाही त्या रात्री आईने चूल पेटवली नाही, आणि त्या उपाशी झोपण्याला आत्या एक शब्द वापरत असे. वहीत मी त्या जागी ‘उपवास’ लिहून ठेवले आहे. तो शब्द ‘उपवास’ नव्हता. धाकट्या आत्याला विचारले, ती एक सांगते. चुलतबहीण दुसराच सांगते. मुलांनी ती जागा मोकळी सोडली आहे.